फर्डिनंडच्या बाजेखालची शेगडी

मी शेगडी. चहा-भाजीची नव्हे, बाजेखालची. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यामुळे जो घोटाळा झाला तो मी कसली शेगडी आहे हे साऱ्या आळीला पक्कं ठाऊक होतं म्हणूनच झाला.

माझा जन्म १९४० सालचा. आगाशीच्या बाजारामागे एक कुंभार राहायचा. त्याच्या दारात आमच्या आळीची सुईण इझाबेल सकाळपासून जाऊन बसली आणि माझं माप तिने स्वतःच्या हाताने दिलं. उंची एक वीत, म्हणजे बाजेखाली सहज सरकावी. रुंदी एक हात, म्हणजे ऊब कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत पोचावी. धरायला दोन कान. कुंभार कुरकुरला, "एवडी बुटकी शेगडी घेनार कोन?"

"घेनार मी एकटीच," इझाबेल म्हणाली, "पन झोपनार सगळ्या."

हल्ली मुलं दवाखान्यात जन्मतात, म्हणून पद्धत सांगते. सुंभाने विणलेली बाज. वर बाळंतीण, तिच्या कुशीत मूल. खाली मी. माझ्यात धगधगून शांत झालेले निखारे, त्यांवर राखेचा पातळ थर आणि वरून चिमूटभर ओवा नि बाळंतशोपा. खिडकी मात्र उघडी, त्यात इझाबेल कोणाचं ऐकायची नाही. सुंभाच्या भोकांतून ऊब वर चढते, गोधडीत शिरते, आणि बाई पहिल्यांदा डोळे मिटते. तो क्षण मला फार आवडायचा.

साहेबाच्या देशात म्हणे तांब्याच्या पातेल्याला लांब दांडा लावून, आत निखारे भरून, ते गादीवरून फिरवतात. आमच्या आळीतला फ्रान्सिस बोटीवर खानसामा होता, त्याने ही बातमी आणली. गादीला इस्त्री करून मग वर झोपायचं! मी ऐकून घेतलं, पण मला काही ते शोभेसं वाटलं नाही. मी एका जागी बसून काम करणारी बाई आहे.

माझं घर इझाबेलची मागची पडवी. कोणाकडे मूल झालं की त्या मुलाची आत्या मला न्यायला यायची. इझाबेलच्या चुलीतले निखारे माझ्यात घालायचे, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, आणि भर उजेडात रस्त्याच्या मधोमध चालायचं. ओट्याओट्यावरून बाया विचारायच्या, "काय गो, मुलगा का मुलगी?" आत्या ऐटीत उत्तर द्यायची. नऊ वर्षांत मी त्रेसष्ट बाळंतिणी शेकल्या. मी ज्या घरात गेले त्या घरात मूल असायचंच. यात कधी एकदाही चूक झाली नव्हती.

आता फर्डिनंडकडे वळते.

फर्डिनंड तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. केळीची बाग, बागेत विहीर, विहिरीला लागून घर. लग्न केलेलं नाही. घरात तो आणि त्याची पुतणी बेला. बेलाची आई तिच्या जन्मानंतर लगेच गेली आणि बाप, म्हणजे फर्डिनंडचा धाकटा भाऊ बेनेडिक्ट, ती वर्षाची असताना गेला. काकाने तिला वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा. वेण्या वाकड्या यायच्या, पण घट्ट.

या माणसाची एकच ख्याती होती. त्याला थंडी वाजत नसे. जानेवारीत पहाटे उघड्या अंगाने विहिरीवर उभा राहून तो डोक्यावर घागरी ओतायचा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "थंडी? कसली थंडी? कुटं हाय, दाखवा!" कोणी कानाला फडका गुंडाळलेला दिसला की त्याची वाट लागलीच म्हणून समजा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना तो शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवायचा. आळीतले म्हातारे त्याला पाहून गुपचूप आपल्या शाली काढून काखेत मारायचे. बिचारे कुडकुडायचे, पण हसं होण्यापेक्षा ते बरं.

१९४९ च्या जानेवारीत नाताळानंतरचा तीन राजांचा सण झाला आणि अशी थंडी पडली की केळीची पानं कडेने काळी पडली. त्याच दिवसांत बेलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा माणिकपूरचा, प्लासिड नावाचा, शाळेत मास्तर. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात, आणि कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावी असं फादर म्हणतात. दोन पुकारा झाल्या होत्या. तिसरी राहिली होती.

त्या मधल्या आठवड्यात, गुरुवारी, इझाबेल संध्याकाळच्या प्रार्थनेला देवळात गेलेली असताना फर्डिनंड मागच्या पडवीत आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मला उचलून गोणपाटाखाली झाकलं.

मला? गोणपाटाखाली? मी आजवर चोरासारखी कधी कुठे गेले नव्हते. मी आत धुमसत होते, निखारे नसूनसुद्धा.

कुंपणापलीकडे कार्मिन कोंबड्या कोंडत होती. कार्मिनला एका डोळ्याने कमी दिसायचं, पण दुसऱ्याने ती दोन्ही डोळ्यांचं पाहून घ्यायची. गोणपाटातून माझा एक कान बाहेर आलेला तिने पाहिला. पुरुषाने शेगडी नेलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. झाकून नेलेली तर नाहीच नाही. तिने कोंबड्यांचं दार लावलं, क्रूसाची खूण केली आणि हिशोब जुळवला. शेगडी फर्डिनंडच्या घरात गेली. त्या घरात बाई एकच.

घराच्या मागच्या खोलीत केळीचे घड टांगलेले असायचे. तिथेच फर्डिनंडची बाज. त्याने आतून कडी लावली, मला बाजेखाली सरकवलं, निखारे घातले, गोधडी ओढली आणि एक असा उसासा टाकला की मला वाटलं, हाही बाळंत झाला.

मग तो माझ्याशी बोलू लागला. एकटी माणसं बोलतातच कशाशी तरी. तीन वर्षं झाली, त्याला थंडी वाजत होती. पायाच्या बोटांतून सुरू व्हायची आणि गुडघ्यात येऊन बसायची. पहाटेची ती आंघोळ? घागरीतलं अर्धं पाणी आधी चुलीवर तापलेलं असायचं. त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. कौल तापवून लुंगीत गुंडाळून पायाशी घेतलं, लुंगी जळाली. फ्रान्सिसचं ऐकून कढईत निखारे घालून ती गादीवरून फिरवली, उशी पेटली. बकरी जवळ घेऊन झोपला, तिने गोधडीचा कापूस खाल्ला. शेवटी बकरीचं पिल्लू तेवढं ठेवलं. ते लहान होतं आणि त्याला कापसाची चव अजून कळली नव्हती.

"तू बरी हायस गो," तो मला म्हणाला. "तू काय खात नाय."

माझा राग तिथेच निम्मा गेला.

घोटाळा खरा ओव्याने केला. लहानपणी आईच्या बाजेखाली आपण काय हुंगलं होतं ते त्याला आठवलं, आणि त्याने माझ्यावर मूठभर ओवा टाकला. चिमूटभर नव्हे, मूठभर! ओव्याचा तो धूर खिडकीतून निघाला, बागेवरून गेला आणि घरोघरी जाऊन बसला. आमच्या आळीत तो वास आला की माणसं चूल सोडून विचारतात, कोणाकडे?

बेलाने दारावर थाप मारली. "काका, कसला वास येते?"

"केळी पिकाय धूर लावलाय."

"केळ्यांना ओवा?"

"नवीन पद्धत हाय."

शुक्रवारी सकाळी ओट्यावर एक डबा आला. मेथीचे लाडू. ठेवणारी दिसली नाही. दुपारी शेपूची जुडी आली. मग तिखट न घातलेलं कोंबडीचं पाणी, बाटलीच्या तळाशी दोन बोटं ब्रँडी, आणि संध्याकाळी जुन्या मऊ लुगड्यातून फाडलेली बारा लंगोटं, घडी घालून. कोणी काही विचारलं नाही. आमची आळी अशीच आहे. तोंडाने फाडून खाईल, पण बाळंतीण उपाशी ठेवणार नाही.

फर्डिनंडला वाटलं, हे लग्नघर म्हणून येतंय. त्याने अकरा लाडू खाल्ले, कोंबडीचं पाणी प्याला, ब्रँडीही सोडली नाही. लंगोटांचं काय करायचं ते त्याला उमगेना. शेवटी त्यातली दोन त्याने कानांवरून बांधली. खरं सांगते, त्या रात्री त्याच्यासारखी गुणी बाळंतीण मला क्वचितच मिळाली असेल.

बेला मात्र गोंधळली. ती पाणी भरायला गेली तर बाया तिच्या हातून घागर काढून घेऊ लागल्या. "बाय, तू वजन उचलू नको." एकीने तर तिला डोक्याला फडका बांध म्हणून बजावलं. ती आपल्या पोटाकडे पाहणाऱ्या बायांकडे पाहत राहिली. तिला वाटलं, नवरीची अशीच काळजी घेत असतील.

इकडे इझाबेलला पडवी रिकामी दिसली. कार्मिनने तिला सगळं सांगितलं. इझाबेल हादरली, पण पापाने नव्हे. "माज्याशिवाय?" ती ओरडली. "या आळीत माज्याशिवाय मूल झालं? कोनाला बोलावली? त्या माणिकपूरच्या सुईनीला?" ती दोन दिवस जेवली नाही म्हणतात.

फादर व्हॅलेरियन मवाळ माणूस. त्यांनी कोणालाही न दुखावता रविवारी दुपारी चार वाजता बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी करून ठेवायला सांगितली.

शनिवारी माणिकपूरहून प्लासिडची आई आली. तिचं नाव सुझान. ताठ बाई, चपला न काढता अंगणात उभी राहिली. मी मागच्या खोलीत होते, मधे एक कुडाची भिंत. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि बाजेवरच्या फर्डिनंडलाही.

"पोर कोनाचं?" सुझानने विचारलं.

"कसलं पोर, मावशी?" बेला म्हणाली.

"ओव्याचा वास रस्त्यापोतूर येते. मी काय दगड हाय? मागच्या खोलीत काय हाय?"

"केळी हायत."

नेमकं तेव्हा बकरीचं पिल्लू ओरडलं. पिल्लू ते, माणसाच्या पोरासारखंच ओरडणार.

"केळी रडतात?" सुझान म्हणाली.

बेला मागच्या खोलीकडे धावली. तिने दार ढकललं. "आतून कडी हाय. काका आत हायत."

"काका केळ्यांत काय करतो?"

आता बोल, मी मनात म्हणत होते. आता ऊठ, दार उघड, ही लंगोटं कानांवर बांधून असाच बाहेर जा. एका वाक्याचं काम आहे. फर्डिनंडने गोधडी डोक्यावर ओढली आणि एका हाताने पिल्लाचं तोंड दाबून धरलं.

"उद्या तिसरी पुकार," सुझान म्हणाली. "फादर विचारतील तवा मी उठनार. माजा पोरगा साधा हाय, आंधळा नाय." आणि ती गेली.

बेला दाराशी आली. "काका, मला सांगा. काय हाय आत?"

फर्डिनंड म्हणाला, "केळी."

ती दाराशीच बसून रडली. बराच वेळ. मग उठून गेली, आणि त्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटली नाही.

माझा संताप संताप झाला. मी त्रेसष्ट बायका पाहिल्या होत्या, जीव मुठीत धरून मूल जन्माला घालणाऱ्या, आणि हा एवढा दांडगा माणूस, याला एक वाक्य जन्माला घालता येईना! मी एक निखारा तडकवला. त्याची ठिणगी उडून गोधडीच्या कडेला लागली. त्याने ती बोटांनी विझवली आणि पालथा होऊन, सुंभाच्या भोकातून माझ्याकडे पाहत बोलू लागला.

"तुला वाटते माजं हसं होईल म्हणून मी गप हाय," तो म्हणाला. "तसं नाय गो."

एकवीस वर्षांपूर्वी, असाच जानेवारी. बागेला पाणी द्यायची पाळी बेनेडिक्टची होती. बेनेडिक्ट अंथरुणातून म्हणाला होता, दादा, आज नको, मला थंडी वाजते. आणि दादा म्हणाला होता, थंडी? कसली थंडी? ऊठ. बेनेडिक्ट उठला. पहाटेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. नवव्या दिवशी तापाने गेला.

"तवापासून मी सगळ्यांना सांगतो, थंडी नसते," फर्डिनंड म्हणाला. "कारन ती असली, तर मी काय केलं?"

मी मातीची. मला फक्त तापता येतं. मी जमेल तेवढी तापले.

रविवार उजाडला. बेला एकटीच देवळात गेली. नवरीने तिसऱ्या पुकारेला असायलाच हवं असं काही नाही, पण ती गेली. मान वर करून गेली हे मला फर्डिनंडच्या तोंडावरून कळलं, कारण तो खिडकीतून पाहत होता. मग तो वळला. त्याने चुलीत लाकडं घातली, निखारे केले, माझ्यात भरले. उरलेला सगळा ओवा वर टाकला. गोधडी अंगाभोवती गुंडाळली, कानांवर लंगोटं बांधली, डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि चुंबळीवर मला.

भर उजेडात, रस्त्याच्या मधोमध आम्ही निघालो. मागे बकरीचं पिल्लू.

ज्या म्हाताऱ्या बाया देवळात गेल्या नव्हत्या त्या ओट्यांवर होत्या. सवयीने एकीच्या तोंडून निघून गेलं, "काय रे, मुलगा का मुलगी?"

"म्हातारा!" फर्डिनंड म्हणाला आणि थांबला नाही.

आम्ही देवळाच्या दारात पोचलो तेव्हा फादर नावं वाचत होते. "...कोणाला या विवाहाबद्दल काही अडचण ठाऊक असल्यास..." दुसऱ्या बाकावरून सुझान उठत होती. तेवढ्यात माझा धूर पुढे गेला. देवळात ऊदाचा धूर लोकांना नवा नाही, पण ओव्याचा? सगळी डोकी वळली. सुझान अर्धी उठलेली तशीच राहिली.

"फादर," फर्डिनंड मधल्या वाटेत उभा राहून म्हणाला, "बाळंतीन मी हाय."

देवळात हसणं पाप आहे असं मुलांना शिकवतात. त्या दिवशी मोठ्यांनी ते पाप केलं. एकटी इझाबेल हसली नाही. ती बायकांच्या बाजूने उठून पुढे आली.

"तीन दिवस हिला बाजेखाली घेऊन झोपतो मी," फर्डिनंड सांगत होता. "लाडू मी खाल्ले. कोंबडीचं पानी मी प्यालो. रडत होतं ते हे." पिल्लू त्याच्या पायाशी आलं आणि ऐन वेळी ओरडलं. माणसांपेक्षा जनावरांना साक्ष देणं चांगलं जमतं.

"म्हातारा पोरीसाटी खोटं बोलत असला तर?" सुझान म्हणाली.

"खोटंच बोलायचं तर याच्याहून बरं खोटं सापडलं असतं त्याला," इझाबेल म्हणाली. मग ती खाली बसली, फर्डिनंडचं पाऊल तिने दोन्ही हातांत घेतलं, बोटं चेपली, घोटा चेपला, आणि एखादी नाडी सांगावी तसं साऱ्या देवळाला सांगितलं, "बर्फ हाय. या मानसाला थंडी वाजते."

तिच्या शब्दावर आळीत कोणी कधी शंका घेतली नव्हती. कोण पोटुशी, कोणाला मुलगा, कोण जगणार, सगळं ती अशीच सांगायची.

फादर व्हॅलेरियन खाली आले आणि हळूच म्हणाले, "मग चार वाजता बाप्तिस्म्याला कोणाला आणणार?"

पुन्हा हशा उसळला. फर्डिनंडही हसला असता तर तिथेच सगळं संपलं असतं, सगळे घरी गेले असते. पण तो हसला नाही. माझ्या ओझ्याखाली त्याची मान थरथरत होती, ते मला वर कळत होतं.

"थंडी असते," तो म्हणाला. आता तो फादरशी बोलत नव्हता, बेलाकडे पाहत होता. "तुज्या बापाला वाजत होती. तो मला बोलला होता. मीच त्याला पान्यात उभा केला."

बेलाला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. ती उठली. बाकांमधून वाट काढत आली. ती काय करणार हे कोणालाच कळेना, मलाही नाही. मुलगी बापाच्या वतीने रागावली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती.

तिने आधी मला त्याच्या डोक्यावरून उतरवून खाली ठेवलं. मग आमच्या बाया देवळात जाताना पांघरतात ती अंगावरची पांढरी चादर काढून त्याच्या खांद्यांवर टाकली आणि गळ्याशी गाठ मारली. घट्ट मारली. "घरा चला, काका," ती म्हणाली. "तुमी केवडे थंड झालेत."

तेव्हा फर्डिनंड रडला. मोठ्याने, लाज सोडून, एखाद्या तान्ह्यासारखा.

सुझान उभीच होती. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती फादरना म्हणाली, "माजी काय हरकत नाय." मग इझाबेलकडे वळून म्हणाली, "लग्नाला आमच्याकडे येतील तवा काकाला मधल्या खोलीत झोपवा. आमची पडवी लय गार हाय."

लग्न झालं. थाटात झालं. पण त्या रविवारी आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. मिस्सा संपून लोक बाहेर आले तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून काखेतल्या शाली काढल्या आणि भर उन्हात अंगावर घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून इझाबेलच्या पडवीत त्यांची रीघ. सगळ्यांना मी हवी! कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. इझाबेलने नियम घातला. आधी बाळंतिणी, मग म्हातारे, आणि म्हाताऱ्यांत ज्याची पावलं सर्वांत गार तो पहिला. ती रोज संध्याकाळी पडवीत पावलं तपासत बसायची. मला न्यायला मात्र त्यांच्या घरची आत्याबाईच यायची, वाजतगाजत. ओट्यांवरून प्रश्न तोच, उत्तर तेवढं बदललेलं.

पुढच्या डिसेंबरात बेलाला मुलगा झाला. मी माणिकपूरला बैलगाडीतून गेले. चाळीस दिवस राहिले. मुलाचं नाव बेनेडिक्ट.

आता १९५८ साल चालू आहे. बाळंतपणं दवाखान्यात होतात. तिथे रबराची पिशवी असते, गरम पाण्याची. मी एकदा पाहिली. ढब्बू आहे आणि आतून गुळूगुळू आवाज करते, पण काम करते, उगाच नावं कशाला ठेवू? इझाबेल गेली. माझा एक कान तुटला, पोटाला तडा गेला. निखारे आता मला सोसत नाहीत. फर्डिनंडने मला आपल्या अंगणात आणलं आहे, भिंतीच्या उन्हाच्या बाजूला. त्याच्या कोंबडीला मी पसंत पडले. गेले नऊ दिवस ती माझ्यात अंड्यांवर बसली आहे. मी आयुष्यभर खालून तापत आले, आता वरून तापते आहे. बरं वाटतं. कोंबडी जरा बडबडी आहे एवढंच.

फर्डिनंड सत्त्याहत्तरचा झाला. स्वेटर, कानटोपी, मोजे, वर बेलाने पाठवलेली लोकरीची शाल, असा सगळा जामानिमा करून माझ्याशेजारी येऊन बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून सांगतो, "आज काय थंडी हाय!" मे महिन्यातसुद्धा सांगतो. लोक हो म्हणतात. तुम्हीही म्हणा, वाटेत भेटला तर.

आणि माझं एवढं ऐका. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस असेल, छाती काढून चालणारं, मला काही नको म्हणणारं. थंडीच्या दिवसांत त्याच्या अंथरुणात काहीतरी ऊबदार सरकवा. वीट तापवा, पिशवी भरा, पोर झोपवा शेजारी. पण त्याला विचारू नका. विचारलंत तर तो नाही म्हणेल, आणि तुम्ही त्याचं खरं मानाल.